मदत हवी आहे : जिम्नीच्या पुढच्या सस्पेन्शनचे आर्टिक्युलेशन (चाकांची वर-खाली हलण्याची मुभा) कसे वाढवावे?

माझ्या पाच दारी मारुती सुझुकी जिम्नीला पुढे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चॅसिसशी जोडणारे दांडे) आहेत. मावळातल्या खडकाळ वाटेवर पुढचे एक चाक दगडावर चढले की दुसरे हवेत लटकते. मागचा अ‍ॅक्सल मात्र मोकळेपणाने हलतो. अँटी-रोल बारच्या (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडवल्यावर चाक थोडे अधिक खाली उतरले, परंतु रेडियस आर्मचे अ‍ॅक्सलकडील दोन-दोन बुश (रबरी सांधे) पिळाला अडवतात, असे माझे मत झाले आहे. नुसत्या उंच स्प्रिंगांनी हे सुटणार नाही, उलट कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग बिघडेल. मऊ बुश, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर की थ्री-लिंक (रेडियस आर्मऐवजी तीन दांड्यांची जोडणी), यांपैकी आधी काय करावे? ब्रेकचे होज किती लांब घ्यावेत, हेही ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.