तीन वर्षांचं घोडं पुलापाशी अडतंय

मी पुसेगावकडचा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंडावर पांढरं) घोडं आणलं, तीन वर्षांचं. वस्तीवर, वावरात एकदम गुणी. येरळा नदीच्या पुलापाशी आलं की गच्च उभं. टाच मारली तर शेपूट आपटतं, चाबूक दाखवला तर मागं सरकतं. परवा सरकता सरकता ते चरात गेलं आणि मी बाभळीत. वडील म्हणतात, बैलासारखं शेपूट पिळ. घोड्याच्या मागं उभं राहून ते करायची माझी छाती नाही. लगाम काटेरी आहे, घोड्याबरोबरच मिळालेला. माझं वजन ८४ किलो. काय करू?

टेबललँडवाला, पाचगणी
आधी तो काटेरी लगाम काढून टाका. टाच मारताना भीतीनं तुमचा हात लगाम ओढतच असणार. म्हणजे ‘चल’ आणि ‘थांब’ एकाच दमात. जनावरानं ऐकायचं कुणाचं?
मग तोंड बघा. अडीच ते चार वर्षांत दुधाच्या दाढा पडतात. खालून नवी ढकलते आणि जुनी टोपीसारखी लटकत राहते. कधी कधी दाढेपुढं एक बारका दातही असतो, लगामाची कडी नेमकी तिथं टोचते. चावताना गवताचे बोळे तोंडातून पडतात का? तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागं जातात का? आमच्या एका घोडीला आम्ही वर्षभर अडेल म्हणत होतो. खोगिराखाली जखम निघाली. अजून वाईट वाटतं.

जुना स्वार
एवढे लाड नकोत. अडला की उतरायचं नाही. एकदा जिंकू दिलात की रोज अडणार.

मिरजकर
दुखत असेल तर वर बसून राहणं म्हणजे आगीत तेल. आणि दादा, ८४ किलोवर खोगीर! पुऱ्या वाढीच्या घोड्यालासुद्धा त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, खोगीर धरून, एवढाच भार देतात. याच्या तर मणक्याची वाढ अजून पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालायची.
महिनाभर बसूच नका. खांद्याशेजारी उभं राहून दोरीनं न्या, समोर तोंड करून ओढू नका. दोरीला हलका ताण द्या, आणि पाऊल उचललं की त्याच क्षणी ढील. उशिरा ढील दिली तर कशाबद्दल दिली ते त्याला कळत नाही. पुढं एखादं शांत जनावर असेल तर उत्तमच. दात घरी उपटू नका, डॉक्टरच बोलवा. नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. डॉक्टर आले होते. डावीकडं दुधाची दाढ लटकत होती, चिमट्यानं काढली. सुपारीएवढी, खालून पोकळ. मुलानं काडेपेटीत ठेवलीय.
आठ दिवस लगाम न घालता मोरकीवरच, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोरीवरच, फिरवतोय. पुढं आमची म्हातारी म्हैस. पुलाच्या सांध्यावर लोखंडी पट्टी आहे, तिथं येऊन घोडं हुंगत बसायचं. मी दोरी सैल सोडून उभा राहायचो. परवा चौथ्या खेपेला म्हशीमागून चार पावलं टाकली आणि पार पलीकडं गेलं. म्हशीला त्याचं काहीच नाही.
फक्त परत येताना घराकडं मला फरफटत आणतंय. त्याला काय करायचं?