विषय: पांढऱ्या रश्श्यासमोरचं माझं नाव काढा

नमस्कार मंडळी,

स्नेहमेळाव्याच्या जेवणाची यादी बघितली. पांढऱ्या रश्श्यासमोर दरवर्षीसारखं माझं नाव आहे, ते काढा. मटण सोडून आठ महिने झाले.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग, आणि आषाढात पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक वाजंत्रीच्या तालावर टेंबलाई देवीला गेलं की गल्लीची जत्रा. असल्या घरातला माणूस मटण सोडतो म्हटल्यावर लोक आधी तब्येत विचारतात. तब्येत उत्तम आहे.

बाबा गेल्यावर आईनं वारकऱ्यांची तुळशीची माळ घातली. आषाढी एकादशीला ती नंदवाळच्या विठोबाला चालत जाते. डिसेंबरात मी घरी गेलो, तेव्हा पहिल्याच रविवारी तिनं माझ्यासाठी रस्सा केला. आधी मटण शिजवलेल्या अळणी पाण्याची वाटी हातात दिली. रश्शाची चव तिला घेता येत नाही, म्हणून मीठ बघायला मला हाक मारली. माझं जेवण झाल्यावर तिनं पातेलं मागच्या दारी घासलं, शेगडी पुसली, पाणी तापवून पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच तुळशीपुढं दिवा लावला. वय एकाहत्तर. मग स्वतः झुणका-भाकरी खाल्ली. 'सोड' असं तिनं मला कधीच म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, मलाही झुणकाच वाढ.

तिथून परत आल्यावर एका संध्याकाळी फ्रीजरमधलं चिकन बाहेर काढलं आणि तसंच आत ठेवलं. इथं आई बघत नव्हती. जत्रेआधी आठवडाभर दारात बांधलेलं बकरं, त्याला मी पाला घालायचो, ते त्या रात्री पहिल्यांदा आठवलं. गांधीजी आईला दिलेल्या शब्दापायी मांस खात नव्हते. लंडनला आल्यावर ते मनापासून शाकाहारी झाले आणि १८९० मध्ये तिथल्या शाकाहारी संस्थेच्या कार्यकारिणीवरही गेले. शाळेत वाचलेलं हे आत्ता कळतंय.

इथल्या शाकाहारी गटात दोनदा जाऊन आलो. माणसं प्रेमळ आहेत; कुणी प्राण्यांसाठी आलेलं, कुणी हवामानासाठी. पण माळ म्हणजे काय, हे सांगताना शब्द अपुरे पडतात. आपल्यात अजून कोण आहे?

— मंगळवार पेठकर

---

दादा,

मी शाहूपुरीतली, जैन घरातली. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, कंदमुळं वर्ज्य. हे सगळं आम्हाला आयतं मिळालं. तुम्ही आवडीचं ताट बाजूला सारलंत, त्याचं मोल मला जास्त वाटतं. दोन गोष्टी सांगते. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटवर, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यावर बनतं आणि जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असतं, तेव्हा पाकिटं वाचत जा. आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. भाज्या-डाळींत ते नसतं, दूध-दह्यात थोडं मिळतं. माझं फार कमी झालं होतं, हातापायांना मुंग्या यायच्या. आळस करू नका.

आईंना माझा नमस्कार सांगा.

— शाहूपुरीची वहिनी

---

दादा, नाव खोडलं. अख्खा मसूरसमोर घालू का? पातेली आणि डाव वेगळे ठेवू, टेबलही वेगळं लावू.

— यादीवाला

---

घाला. पण टेबल एकच असू दे, मला सगळ्यांबरोबर बसायचंय. आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी अजून किलोभर आहे. वहिनींसाठी बिनकांद्या-लसणाचं एक पातेलं मी घरूनच करून आणतो, आणि ते दिवस मावळायच्या आत वाढायला घेऊ.