‘जॅझ स्टँडर्ड’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: एका लेखाच्या अनुवादात ‘बॉडी अँड सोल’ या जॉनी ग्रीन यांच्या १९३० सालच्या गाण्याला ‘जॅझ स्टँडर्ड’ म्हटले आहे. मी ‘प्रमाणगीत’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘अजरामर गीत’ केले. मला दोन्ही खटकतात. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

रसिक: ‘अजरामर’ नकोच. अजरामर गाणे आपण ऐकतो, तर स्टँडर्ड प्रत्येक वादकाला पाठ असते आणि तो ते आपल्या पद्धतीने मांडतो. आपल्याकडे ‘स्वयंवर’ नाटकातले (१९१६) ‘नाथ हा माझा’ रंगभूमीवरून मैफलीत आले, तसेच हेही न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून जॅझमध्ये आले. म्हणून ‘बंदिश’ म्हणावे.

शुद्धमती: ‘बंदिश’ फारसी आहे. घरचा शब्द हवा असेल तर ‘बांधणी’ घ्यावा. अर्थ तोच आहे.

रसिक: शंभर वर्षे मैफलीत नांदलेल्या शब्दाला आता परका कसे म्हणायचे?

सॅक्सोफोनप्रेमी: वाद कुळाचा नसून अर्थाचा आहे. बंदिशीत गवय्या कितीही दूर गेला तरी मुखड्यावर परततो. कोलमन हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी टेनर सॅक्सोफोनवर हे गाणे ध्वनिमुद्रित केले, त्यात मूळ चाल सुरुवातीच्या काही बारांतच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा खंड) मागे पडते आणि पुढे उरतो तो केवळ कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम. त्यातच या गाण्याचा मधला भाग अर्ध्या सुराने वर चढतो आणि मग पूर्ण सुराने खाली येतो, म्हणजे षड्जच जागा सोडतो. हे ‘बंदिश’ या शब्दात कसे मावणार?

वांद्रेकर: माझे काका बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत. ते अशा गाण्याला ‘नंबर’ म्हणत आणि सोबतचे वादकही तोच शब्द वापरीत. बोलीत रुळलेला शब्द का टाळावा?

शुद्धमती: बोलीतला शब्द लेखात प्रमाण ठरत नाही.

अनुवादिका: याच लेखात पुढे ‘हॉकिन्स दोन कोरस वाजवतात’ असे वाक्य आहे. कोरस म्हणजे समूहगान ना?

सॅक्सोफोनप्रेमी: नाही. ३२ बारांचा पूर्ण आराखडा एकदा वाजवला की एक कोरस होतो. दुसऱ्या कोरसमध्ये ते पायरीपायरीने उंच सुरांकडे चढत जातात, हे कान देऊन ऐकावे. ‘आवर्तन’ लिहा.

रसिक: आवर्तन तालाचे असते. ‘फेरा’ अधिक नेमका आहे.

शुद्धमती: ‘फेरा’ म्हटल्यावर मला जन्ममरणाचा फेरा आठवतो. ‘आवर्तन’च ठेवावे.