सुनील छेत्रीची कारकीर्द आणि भारतीय स्ट्रायकरची जागा

रंकाळाकाठ:
माझा पंधरा वर्षांचा पुतण्या कोल्हापुरात फुटबॉलमध्ये स्ट्रायकर (गोलसमोर मध्यभागी खेळणारा आघाडीपटू) म्हणून खेळतो. मोठ्या क्लबांत ही जागा परदेशी खेळाडूंकडेच जाते, म्हणून आतापासून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळण्याची सवय करावी, असे त्याच्या प्रशिक्षकांचे मत आहे. भारतीय संघाच्या सुनील छेत्रीने जे साधले ते मधल्या जागेवर टिकून साधले की जागा बदलून, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दूरचा खांब:
प्रशिक्षकांचे निरीक्षण रास्त आहे. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग या देशातील क्लब स्पर्धेच्या) पहिल्या हंगामांत एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर असू शकत; ही मर्यादा पुढे पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली, तरी त्यांतली एक जागा बहुतेक क्लब स्ट्रायकरसाठीच राखत आले. छेत्रीही याला अपवाद नव्हता. २०१७-१८ मध्ये बेंगळुरूकडून मध्यभागी व्हेनेझुएलाचा मिकू खेळे आणि छेत्री बहुतांशी डावीकडे असे. तरीही त्याने त्या हंगामात १४ गोल केले, कारण चेंडू उजव्या बाजूला असताना बचावपटूच्या पाठीमागून गोलच्या दूरच्या खांबाकडे केव्हा धावायचे, हे त्याला अचूक कळत असे. उंची बेताची असूनही त्याला हेडरने गोल करता आले, तेही याच धावेमुळे. मुलाने विंगवर अवश्य खेळावे, मात्र गोलसमोर पोहोचण्याची ओढ सोडू नये.

मैदानप्रेमी:
वरील मताला एक पुरवणी जोडतो. देशासाठी छेत्री मुख्यतः मध्यभागीच खेळला. २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच त्याने गोल केला, तर २००८ मध्ये दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्धच्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यातील त्याच्या हॅटट्रिकमुळे भारत २७ वर्षांनंतर आशियाई चषकात खेळू शकला. त्याचे बरेच गोल दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, या आक्षेपात तथ्य आहे. पण २०११ च्या त्या आशियाई चषकात त्याने बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्धही गोल केले, हे सहसा कोणी सांगत नाही.

मला त्याची परदेशातील वर्षे अधिक बोलकी वाटतात. भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नसल्याने २००९ मध्ये ब्रिटनमध्ये काम करण्याचा परवाना नाकारला गेला आणि क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबचा करार हुकला. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बन क्लबच्या ब संघात मोजकेच सामने मिळाले. त्यानंतर २०१३ मध्ये गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडून खेळून त्याने आय-लीग ही तेव्हाची राष्ट्रीय क्लब स्पर्धा जिंकली.

तालीमवाला:
कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला आणि पुढे क्लबांत प्रामुख्याने विंगवर दिसला, त्यामुळे प्रशिक्षकांचा सल्ला हवेतला नाही. परंतु ही जागा भारतीयांसाठी किती रिकामी आहे, हेही पाहावे: २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले. म्हणून माझे मत असे की पुतण्याने अकादमीत विंगवर आणि तालमीच्या (गावातील मंडळाच्या) संघात मध्यभागी खेळावे. २०१८ मध्ये अंधेरीत केनियाविरुद्ध झालेल्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या अंतिम सामन्यातील छेत्रीचे दोन्ही गोल त्याला अवश्य दाखवा. पहिला अनिरुद्ध थापाच्या फ्री किकवर एका स्पर्शात झाला. दुसऱ्यात मागून आलेला लांब चेंडू छातीवर घेऊन त्याने डाव्या पायाने मारला.