अनुभव धागा: भाग संपला की सगळं पूर्ववत

रामबाग, इंदूर (धागाकर्ता)
ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानावरची अमेरिकन मालिका लागायची. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही कृष्णधवल. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, तरी कॅप्टनबरोबर नवखा चेहरा ग्रहावर उतरला की आम्ही पोरं ओरडायचो, "गेला हा!" त्या बिचाऱ्याचा शर्ट लाल असतो, हे कितीतरी वर्षांनी रंगीत पडद्यावर कळलं. १९६६ ते १९६९ मधले ते ७९ भाग आता पुन्हा पाहतोय आणि त्या माणसाचं फार वाईट वाटतंय. तो मरतो, आणि शेवटी यानावर बहुतेकदा सगळे हसत असतात. पुढच्या भागात त्याचं कुणी नावही काढत नाही.
विज्ञान-मालिकांतला हा साचा तुम्हाला कधी खुपला, कधी भावला? सविस्तर लिहा.

मूळची इंदूरची, मुंबईत मालिकांचं संकलन करते
साचा दरवेळी लेखकाच्या आळसातून येत नाही. अमेरिकन वाहिन्यांवर जाहिरातींच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीआधी काहीतरी धक्का हवाच. पुढे तेच भाग स्थानिक केंद्रांना पुनःप्रसारणासाठी विकले जायचे. तिथे ते कुठल्याही क्रमाने लागले तरी प्रेक्षकाला कळायला हवेत, म्हणून शेवटी सगळं जिथल्या तिथे.
दुसरं कारण पैसा. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं झोतात विरघळवून खाली पाठवायची युक्ती काढली. इतकी सुंदर कल्पना काटकसरीतून निघाली! अख्खा भाग यानातल्याच खोल्यांत घडला, तर बहुधा नव्या सेटचा खर्च वाचवलेला असतो. मला तेच भाग जास्त आवडतात, कारण तिथे माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

लोकमान्य नगर
१९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही आपली विज्ञान-मालिका सुरू झाली तेव्हा आजी माझ्या शेजारी बसायची. तुरुंगातून पळालेले गुन्हेगार एकेक करून पकडायचे, हे तिला दुसऱ्याच भागात उमगलं. म्हणाली, "हा सापडणार ते कळलं रे. पण ह्याच्या मनात काय चाललंय ते कधी सांगणार?"
आजीचा सगळा जन्म नारदीय कीर्तनं ऐकण्यात गेलेला. पूर्वरंग, उत्तररंग, ठरलेलं आख्यान, सगळं तिला पाठ. तरी तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात येते तिथे तिचा पदर डोळ्यांना लागायचाच. बुवा त्या जागी घाई करत नसत. माझी मालिकांबद्दलची तक्रार एवढीच आहे. गोष्ट ठरलेली असू द्या, पण जिथे दुखतं तिथे थांबा.

जेल रोड
बाबांच्या केमोच्या महिन्यांत रोज रात्री आम्ही जुने भाग लावायचो. त्यांना नवं काही नको होतं. शेवटी सगळे सुखरूप यानावर परत येतात, हे आधीच ठाऊक असायचं आणि त्यांना झोप लागायची. साच्याला सरसकट नावं ठेवू नका, ही विनंती.

सुदामा नगर, शिक्षिका
वरचं वाचून डोळे भरले. आजींचं म्हणणंही पटलं. 'स्टार ट्रेक'च्याच 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेतला, १९९२ चा एक भाग मी आठवीच्या मुलांना गोष्ट म्हणून सांगते. कॅप्टन पिकार्ड बेशुद्ध पडतो. यानावर जेमतेम पंचवीस मिनिटं जातात, पण तेवढ्यात तो नष्ट झालेल्या एका ग्रहावर अख्खा संसार जगतो. बायको, मुलं, नातू, म्हातारपण. शुद्धीवर येतो तेव्हा साच्याप्रमाणे सगळं पूर्ववत. फक्त तिथे शिकलेली बासरी हातात उरते आणि ती त्याला वाजवता येते.
गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्याने ती पुढे कुणाला ऐकवली का?"
ऐकवली. पुढच्याच वर्षीच्या एका भागात तो यानावरच्या एका सहकारी स्त्रीबरोबर ती वाजवतो, आणि कुठे शिकला तेही तिला सांगतो.