दूधबिलाचा हिशोब: शीटमध्ये की डेटाबेसमध्ये?

कृष्णाकाठ
गावच्या दूध संस्थेचं बिल मी करतो. दोनशे उत्पादक, दोन वेळचं दूध, म्हणजे रोज 400 नोंदी: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक). दर दहा दिवसांनी बिल. आजवर सगळं एक्सेलवर. दरपत्रकाच्या शीटमधून दर उचलायचा, लिटरने गुणायचं, पशुखाद्य आणि अ‍ॅडव्हान्स कापायचा, झालं. आता भाचा मागे लागलाय की सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाक, हिशोबही तिथेच कर.

माझं मत: नोंदी जाऊ देत तिकडे, हिशोब शीटमध्येच बरा. "फॅट 3.8 लागलं, मग दर एवढाच कसा?" म्हणून माणूस खिडकीशी येतो, तेव्हा सेलवर क्लिक करून दाखवता येतं. त्याला काय क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, वाचून दाखवू?

ताकपिठं
त्याला पावती दाखवा, फॅट-दर-रक्कम छापलेली. ती कुठूनही निघते. खिडकीवर काय दाखवायचं आणि गुणाकार कुठे करायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि शीटमध्ये दिसतं म्हणता, पण कोणी घाईत फॉर्म्युल्यावर थेट आकडा टाकला तर तो दिसतो का? शेजारच्या सेलसारखाच दिसतो. इंग्लंडमध्ये 2020 साली 15,841 कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत. का? जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत.

जमाखर्च
इंग्लंडचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे हिशोब चुकला नाही, एक्सेलचा पोतं म्हणून वापर झाला. नव्या फाईलमध्ये 10,48,576 ओळी मावतात. रोजच्या 400 धरल्या तर यांचं सात वर्षांचं दूध एका शीटवर बसेल.

डेटाबेसमधली चूक कशी असते ते सांगतो. मी मजुरीचे हिशोब बघायचो. जुन्या दराची 'पर्यंत' तारीख 11, नव्याची 'पासून' तारीखही 11. क्वेरीतलं 'बिटवीन' (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) दोन्ही टोकं धरतं. टेबलं जोडली आणि 11 तारखेची प्रत्येक हजेरी दोनदा आली, एकदा जुन्या दराने, एकदा नव्या. एरर नाही, काही नाही. बेरीज मात्र फुगलेली. शीटवर खाली सरकवत गेलो असतो तर एकच नाव दोनदा डोळ्याला टोचलं असतं.

ताकपिठं
चार हजार ओळी सरकवत? दर बिलाला?
पोस्टग्रेसमध्ये तारखांचे पट्टे एकमेकांवर चढू नयेत अशी अट घालता येते. मग एकाच दिवसाला दोन दर आतच शिरत नाहीत.

कृष्णाकाठ, एक विचारतो. मधेच दर बदलला की काय करता? दरपत्रकात नवा आकडा टाकता ना? मग मागचं बिल उघडलं तर तेही नव्या दराने मोजणार.

कृष्णाकाठ
म्हणून दर बिलाची फाईल वेगळी. वर्षाला 36.

ताकपिठं
आणि दिवाळीचा फरक, म्हणजे दुधावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम?

कृष्णाकाठ
तिथे बरोबर पकडलंत. फरक वर्षभराच्या लिटरवर असतो. 36 फायली उघडून खातेवार बेरजा एका ठिकाणी आणतो. दोन रात्री जातात. मधे एखाद्याचं खातं मुलाच्या नावावर झालं असेल तर तिसरी.

माळावरची
आमच्याकडे भाच्यासारख्याच एकाने डेटाबेस करून दिला, छान चालला. मग तो पुण्याला नोकरीला गेला. कपातीचा नियम बदलला तेव्हा त्याला फोन करकरून सचिव थकले. आता शीट आहे, चुकतं, पण आम्हाला दुरुस्त करता येतं. तुमचा भाचा गावात राहणार आहे का?

जमाखर्च
+1. हा प्रश्न पहिला विचारायचा.

फरकाच्या बाबतीत मात्र माघार घेतो. वर्षाची बेरीज डेटाबेसनेच करावी. दहा दिवसांचं बिल शीटमध्ये राहू द्या, पण लावलेला दर प्रत्येक नोंदीसोबत आकडा म्हणून साठवा, दरपत्रकाकडे बोट दाखवणारा फॉर्म्युला नको.

कृष्णाकाठ
भाचा बारावीला आहे, तेव्हा राहील असं वाटत नाही.

ताकपिठं यांचं वाचून रात्री रकमेचा रकाना तपासला, इझफॉर्म्युला लावून (सेलमध्ये फॉर्म्युला आहे की नाही ते एक्सेल सांगतं). या एका बिलात तीन सेलमध्ये हाताने टाकलेले आकडे निघाले. त्यातला एक आमच्या चुलत्यांच्या खात्यावर, 40 रुपयांनी जास्त. शीटला हात फक्त माझाच लागतो. उद्या सचिवांना काय सांगायचं ते आधी ठरवतो, मग 36 फायली.