मदत हवी आहे: कॅमेरा वाकवला की व्हीसीएममधली लेन्स जागा सोडते, काय करावे?

रानफुलांची फोकस स्टॅकिंगने (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली चित्रे जोडून एक पूर्ण स्पष्ट चित्र बनवणे) छायाचित्रे घेण्यासाठी एक छोटी मांडणी करतोय. काही फुले खुडल्याबरोबर मलूल व्हायला लागतात, म्हणून एकाच फुलाचे वरून आणि बाजूने असे दोन्ही संच झटपट निघायला हवेत. कॅमेरा एका हातावर बसवला आहे. तो आधी आडवा पाहतो, मग हात फिरून खाली पाहतो.

मोबाइलमध्ये असते तसले सुटे मॉड्यूल वापरतोय. फोकल लांबी ४ मिमी, छिद्र एफ/१.८, पिक्सेल १.४ मायक्रॉन. फोकस व्हॉइस कॉइल मोटरने, म्हणजे चुंबकाजवळच्या कॉइलमध्ये प्रवाह सोडून लेन्स सरकवणाऱ्या व्हीसीएमने होतो. तिला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर १० बिटचा, कोड (किती प्रवाह द्यायचा तो आकडा) ० ते १०२३, कमाल प्रवाह १२० मिलिअँपिअर. लेन्स नेमकी कुठे आहे हे सांगणारा सेन्सर आत नाही. प्रवाह द्यायचा आणि स्प्रिंगने जिथे अडवली तिथे लेन्स पोचली असे धरून चालायचे.

फूल लेन्सपासून १०० मिमीवर असते. तेवढ्यासाठी लेन्स अनंत फोकसच्या जागेपासून साधारण ०.१७ मिमी पुढे यावी लागते. या अंतरावर ती फक्त २ मायक्रॉन सरकली तरी फोकसचे प्रतल (जिथले सर्वांत स्पष्ट दिसते ती पातळी) मिलिमीटरहून थोडे जास्त सरकते, त्यामुळे थोडीशी गफलतही चालत नाही.

अडचणी दोन. कॅमेरा आडवा असताना कोडचा तक्ता बनवला, तो त्या स्थितीत चोख चालतो. पण कॅमेरा खाली वळवला की त्याच कोडला फोकस जवळजवळ दोन सेंटीमीटर अलीकडे येतो. दुसरे म्हणजे, प्रत्येक पायरीनंतर लेन्स थरथरते आणि ती शांत होईपर्यंत थांबण्यात सगळा वेळ जातो. हिस्टेरेसिस (कोणत्या दिशेने आलो त्यावर त्याच कोडला वेगळी जागा मिळणे) असेल असे वाटून नेहमी एकाच दिशेने त्या कोडवर येऊन पाहिले, फरक पडला नाही. मॉड्यूल बिघडले आहे का? की हा प्रकारच बदलून पिएझो (विद्युतदाबाने किंचित आकार बदलणाऱ्या पदार्थावर चालणारी मोटर) किंवा शेप मेमरी तारेचे मॉड्यूल घ्यावे?

प्रतिसाद १

बिघाड नाही, हे लेन्सचे वजन आहे. व्हीसीएममध्ये लेन्सचा वाहक वरखाली दोन पातळ पट्टीस्प्रिंगांवर तरंगत असतो. कॉइलचे बल, स्प्रिंगचे बल आणि वजन यांचा जिथे मेळ बसेल तिथे तो थांबतो. कॅमेरा खाली पाहतो तेव्हा वजन लेन्सला सेन्सरपासून दूर ओढते, म्हणजे जवळच्या फोकसकडे. तुम्हाला दिसतेय ते हेच.

किती सरकेल, हे वाहकाचे वस्तुमान माहीत नसतानाही काढता येते, आणि मला या हिशेबाची गंमत वाटते. गुरुत्वीय त्वरणाला कोनीय वारंवारतेच्या (२π गुणिले रेझोनन्स) वर्गाने भागा, वस्तुमान आपोआप कटते. रेझोनन्स, म्हणजे वाहक ज्या वारंवारतेने आपोआप थरथरतो ती, ८० हर्ट्झ धरला तर उत्तर येते सुमारे ३९ मायक्रॉन. तुमच्या लेन्ससाठी तेवढ्याने १०० मिमीचा फोकस ८२ मिमीच्या आसपास येतो. तुमचे दोन सेंटीमीटर जवळपास जुळले की नाही?

म्हणजे या स्थितीसाठी वेगळा तक्ता करा. स्प्रिंग बऱ्यापैकी सरळ रेषेत वागते, म्हणून फरक सगळीकडे साधारण सारखाच राहील. मात्र सुरुवातीचे कोड तपासून घ्या. आडव्या स्थितीत लेन्स तळाच्या टेकूवर स्प्रिंगने दाबलेली असते आणि ठराविक प्रवाहापर्यंत हलतच नाही. खाली पाहताना तो उंबरठा कमी होतो.

थरथरीचा रेझोनन्स मोजायचा तर एक पायरी द्या आणि जास्त फ्रेमदराने चित्रण करा. ८० हर्ट्झ निघाला तर एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचे. मग पायरी दोन सारख्या भागांत द्या, मध्ये अर्धे आवर्तन, म्हणजे ६.२५ मिलिसेकंद सोडून. पहिल्या अर्ध्याने उठलेली थरथर दुसरा अर्धा मारून टाकतो. बऱ्याच ड्रायव्हर चिपमध्ये अशी सोय आतच असते, रजिस्टरमध्ये आवर्तनकाळ भरावा लागतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. भर एवढीच की प्रकार बदलायचाच असेल तर आधी हॉल सेन्सर (चुंबकक्षेत्र ओळखणारा सेन्सर) असलेले क्लोज्ड लूप व्हीसीएम पाहा. त्यात वाहकावर छोटा चुंबक असतो, सेन्सर त्याची जागा वाचतो आणि ड्रायव्हर वजनामुळे पडलेला फरक स्वतः भरून काढतो. काहींत स्प्रिंगऐवजी बारीक गोळ्यांवर वाहक सरकतो. शेजारी दुसरा चुंबक मात्र ठेवू नका. तुमच्या फिरत्या हातात मोटर आहेच, तिचे अंतर बघा.

पिएझो मोटर घर्षणाने जागा धरून ठेवते, प्रवाह बंद केला तरी लेन्स तिथेच राहते. स्टॅकिंगला हे फार सोयीचे, पण घर्षण आले की झीजही आली. शेप मेमरीची तार निकेल-टायटॅनियमची असते, प्रवाहाने तापली की आखडते. तिचे बल चांगले असते, पण थंड होऊन सैल पडायला वेळ लागतो आणि हिस्टेरेसिस खरे तर तिथेच मोठे असते. तुमच्या कामाला मी ती घेणार नाही.

आणखी एक मार्ग: कॅमेरा कायम आडवाच ठेवा आणि वरचे दृश्य ४५ अंशांतल्या आरशातून घ्या. लेन्सवरचे वजन बदलणारच नाही. चित्र आरशातल्यासारखे उलटे येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये पलटवता येते (नुसते फिरवून चालणार नाही). आरसा पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला हवा, साध्या आरशात दुहेरी प्रतिमा दिसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वजनाचा विचार सुचलाच नव्हता. आधी रेझोनन्स मोजतो आणि अर्ध्या पायऱ्यांची युक्ती लावतो. आरशाचा उपाय आवडला, फक्त आरशामुळे फुलापर्यंतचा मार्ग वाढेल. लेन्स १०० मिमीऐवजी १३० मिमीला धरली तर पायरी बदलावी लागेल ना?

प्रतिसाद १

हो, पण तुमच्या फायद्याची. १३० मिमीला लेन्स सुमारे ०.१३ मिमीच पुढे येते, आणि २ मायक्रॉनला फोकसचे प्रतल जवळपास २ मिमी सरकते. फोकसची खोलीही (एका चित्रात जितक्या जाडीचा भाग स्पष्ट दिसतो ती) त्याच प्रमाणात वाढते, म्हणून चित्रे कमी लागतील. त्या बदल्यात फूल चौकटीत लहान दिसेल. पाकळ्यांवरच्या लवेसाठी ते पुरते का, हे एका फुलावर करून पाहा.